कोड सेन्सरचा, फॉल्ट वायरचा : टीपीएस तपासायचा कसा आणि त्या तपासणीचे पैसे घ्यायचे कसे



स्वतःचं गॅरेज टाकायचा विचार करणाऱ्यांसाठी आपण जे व्हिडिओ करतोय, त्यातला हा भाग थ्रॉटल पोझिशन सेन्सरवर, म्हणजे टीपीएसवर आहे. व्हिडिओत मीटरची पिन कुठे लावली ते दिसतं, पण आकडे पटापट निघून जातात. म्हणून इथे सगळं सावकाश लिहितोय. बॉनेट उघडून, मोबाईल बाजूला ठेवून वाचता येईल असं.

आता कोणी म्हणेल, धंदा शिकवणाऱ्या चॅनेलवर सेन्सर कशाला? बघा, ऑइल बदलणं, ब्रेक पॅड, क्लच प्लेट ही कामं तुमच्या रस्त्यावरचे चार जण करतात. तिथे गिऱ्हाईक भाव करतं, आणि पन्नास रुपयांसाठी पलीकडे जातं. पण "गाडी मधेच जर्क मारते, दोन ठिकाणी दाखवली, फरक नाही" असं सांगत जो येतो, तो आधी भाव विचारत नाही. तो विचारतो, "जमेल का?" अशा माणसाची गाडी नीट झाली की त्याच्या घरातल्या सगळ्या गाड्या तुमच्याकडे येतात. आणि निदान करायला शिकायचं तर टीपीएससारखा धडा नाही. साधा पार्ट, जुन्या गाड्यांत फक्त तीन वायर, एका मल्टिमीटरवर पूर्ण तपासता येतो. तरीही स्कॅनरवर नाव दिसलं म्हणून गरज नसताना सर्रास बदलला जातो.

आधी तो करतो काय ते समजून घ्या

पेट्रोल इंजिनात हवा किती जाणार हे थ्रॉटल बॉडीतली गोल प्लेट ठरवते. आपण रेस दिली की प्लेट उघडते. ती किती उघडली हे ईसीएमला सांगणारा पार्ट म्हणजे टीपीएस. जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करायचं बटण आठवा. आत एक पट्टी आणि तिच्यावरून सरकणारा एक काटा. तेच इथे, फक्त बटणाच्या जागी प्लेटचा दांडा फिरतो.

तीन वायर असतात. एकीवर ईसीएम ५ व्होल्ट पाठवतं. दुसरी अर्थ. तिसरी सिग्नल, म्हणजे परत जाणारा आकडा. प्लेट बंद असताना सिग्नलवर साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपास, पूर्ण उघडल्यावर साडेचारच्या आसपास. प्रत्येक गाडीचा नेमका आकडा थोडा वेगळा असतो, तो त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघायचा. ०.४ ला घाबरू नका, ०.८ लाही लगेच घाबरू नका.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण पुढचं सगळं निदान तिच्यावर उभं आहे. सिग्नल शून्यापासून पाचपर्यंत का नाही जात? अर्धा ते साडेचारच का? कारण दोन्ही टोकं मुद्दाम मोकळी ठेवलेली आहेत. सिग्नल शून्याला चिकटला किंवा पाचला चिकटला, तर ईसीएमला कळतं की ही प्लेटची हालचाल नाही, कुठेतरी वायर तुटली किंवा शॉर्ट झाली. म्हणूनच पी०१२२ म्हणजे सिग्नल फार खाली आणि पी०१२३ म्हणजे सिग्नल फार वर असे दोन वेगळे कोड आहेत. पी०१२१ म्हणजे आकडा मर्यादेत आहे, पण बाकी सेन्सर जे सांगतात त्याच्याशी जुळत नाही. पी०१२४ म्हणजे मधेच येतो, मधेच जातो. आता नीट बघा, यातला एकही कोड "सेन्सर खराब आहे, बदला" असं म्हणत नाही. कोड फक्त सिग्नलबद्दल बोलतो. सिग्नल खराब होण्यात सेन्सर, कपलर, वायर, अर्थ, ५ व्होल्टची लाइन, आणि क्वचित ईसीएम, एवढ्या सगळ्यांचा हात असू शकतो.

केबलच्या गाड्या अजून रस्त्यावर भरपूर आहेत, त्यामुळे शिकायला त्याच घ्या. आताच्या गाड्यांत मात्र केबल नसते. पेडलखाली एक सेन्सर, आणि थ्रॉटल बॉडीत प्लेट फिरवायला छोटी मोटर. यात टीपीएस एक नाही, दोन असतात, एकाच बॉडीत. एकाने चूक केली तर दुसऱ्यावरून पकडता यावी म्हणून. काही गाड्यांत एकाचा आकडा वाढतो तेव्हा दुसऱ्याचा तेवढाच कमी होतो, काहींत दोन्ही वाढतात पण वेगवेगळ्या वेगाने. दोघांचा मेळ बसला नाही की पी२१३५ येतो. पेडलच्या दोन सिग्नलचा मेळ बसला नाही तर पी२१३८. हे दोन कोड एकमेकांसारखे दिसतात. पी२१३८ दिसल्यावर थ्रॉटल बॉडी उतरवली तर काम चुकीच्या टोकाला चालू झालं. पेडल आत ड्रायव्हरच्या पायाशी आहे, बॉडी बॉनेटखाली आहे.

गिऱ्हाइकाला नीट प्रश्न विचारा

टीपीएसची लक्षणं ठरलेली आहेत. आयडलला रेस वरखाली होते, सिग्नलवर गाडी बंद पडते, हळू रेस दिली की एका ठरावीक जागी झटका बसतो, चेक लाइट लागतो. ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर वेडेवाकडे पडतात. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची गाडी तर सरळ लिम्प मोडमध्ये जाते. पेडल कितीही दाबा, गाडी रेंगाळतच चालते. घाटात किंवा हायवेवर ओव्हरटेक करताना हे झालं तर जिवाशी गाठ आहे. म्हणून "चालतंय तोवर चालवा" हा सल्ला गिऱ्हाइकाला कधीही देऊ नका.

पण हीच लक्षणं घाणेरड्या थ्रॉटल बॉडीची, हवा गळण्याची, कॉइलची आणि अशक्त बॅटरीचीही असतात. म्हणून स्कॅनर लावायच्या आधी पाच मिनिटं बोला. कधीपासून होतंय? पावसानंतर का? इंजिन पाण्याने धुतलं होतं का? बाहेरून सीएनजी किट बसवलंय का? घराखाली उंदीर आहेत का? बॅटरी बदलली, जंप दिला, कोणी काही उघडलं?

हे प्रश्न उगाच नाहीत. जुन्या पद्धतीच्या काही सीएनजी किटमध्ये टीपीएसच्या सिग्नल वायरला मधेच सोलून जोड दिलेला असतो आणि वर नुसती टेप. दोन पावसाळे गेले की तो जोड हिरवा पडतो. उंदराने कुरतडलेली वायर तर तुम्हाला पहिल्याच महिन्यात बघायला मिळेल. प्रेशरने इंजिन धुतलं की कपलरमध्ये पाणी शिरतं, दोन दिवस ठीक चालतं, मग पिनांना गंज धरतो. गिऱ्हाईक स्वतःहून हे सांगत नाही. त्याला वाटतं धुण्याचा आणि जर्कचा काय संबंध.

आता मीटर

कोड वाचा, फोटो काढा, फ्रीझ फ्रेम वाचता येत असेल तर तिचाही फोटो काढा. कोड आला तेव्हा वेग किती होता, इंजिन गरम होतं की थंड, हे तिथे लिहिलेलं असतं. आणि कोड लगेच मिटवू नका. बरेच जण आल्या आल्या कोड मिटवतात, मग फॉल्ट येण्याची वाट बघत बसतात.

मग लाइव्ह डेटा. साधा ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर आणि मोबाईलवरचं अॅप यावर थ्रॉटलची टक्केवारी दिसते. इथे नवीन मुलं एका जागी फसतात. रेस सोडलेली असताना आकडा ० दिसला पाहिजे असं त्यांना वाटतं, आणि दिसतात १२ किंवा १५. बऱ्याच गाड्यांत हे अगदी बरोबर असतं. तो आकडा पाच व्होल्टच्या हिशोबातला असतो, आणि बंद प्लेटलाही अर्धा-पाऊण व्होल्ट असतोच. तसंच पूर्ण रेसला १०० च्या जागी ८०-८५ दिसले म्हणून सेन्सर दोषी होत नाही.

आता खरी तपासणी. आधी सांगितलं तसं केबलची गाडी धरून चला. चावी ऑन, इंजिन बंद, कपलर जागेवर. मीटरची काळी वायर बॅटरीच्या मायनसला. लाल पिन कपलरच्या मागच्या बाजूने, बारीक टाचणी सरकवून लावायची. वायरला टाचणी टोचून कातडं फोडू नका. त्या भोकातून पाणी जातं आणि सहा महिन्यांनी तीच वायर आतून सडते. मग तो फॉल्ट तुमचा.

पहिली पिन, ५ व्होल्ट. साधारण ४.९ ते ५.१ मिळायला हवेत. नाही मिळाले, तर सेन्सरला हात लावायचा नाही. कारण हीच ५ व्होल्टची लाइन अनेक गाड्यांत मॅप सेन्सर, एसी प्रेशर सेन्सर अशा इतरांनाही जाते. त्यातला एक जरी आतून शॉर्ट झाला, तरी सगळ्यांचा ५ व्होल्ट पडतो, आणि स्कॅनरवर एकदम तीन-चार सेन्सरचे कोड येतात. तीन-चार सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत, मित्रांनो. अशा वेळी मीटर ५ व्होल्टच्या पिनला लावून ठेवायचा आणि त्या लाइनवरचे बाकीचे कपलर एकेक करून काढायचे. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत येतो, तो चोर. सगळे काढूनही आला नाही, तर वायरिंग बघायचं.

दुसरी पिन, अर्थ. इथे मी जरा जास्त थांबतो, कारण घाईत हीच पायरी सुटते. मीटर तसाच ठेवा, काळी बॅटरीच्या मायनसला, लाल सेन्सरच्या अर्थ पिनला. इंजिन चालू करा, हेडलाइट आणि पंखा लावा. मीटरवर ०.१ व्होल्टपेक्षा कमी दिसलं पाहिजे. जास्त दिसलं म्हणजे अर्थच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे, गंज किंवा ढिला नट. नुसतं कंटिन्युइटीचा बीप ऐकून अर्थ पास करू नका. एक तार शिल्लक असलेली वायरही बीप देते. आणि ही गंमत बघा, अर्थ पूर्ण तुटला तर सिग्नल खाली जात नाही, वर जातो. कारण पट्टीतून ५ व्होल्ट येतोय, खाली जायला वाट नाही, मग तो सगळा सिग्नलच्या वायरवर दिसतो. म्हणजे पी०१२३ येतो. स्कॅनर म्हणतो सिग्नल फार वर, मिस्त्री म्हणतो सेन्सर शॉर्ट झाला, आणि खराब असते ती अर्थची वायर. नवीन सेन्सर लावला तरी कोड तोच राहतो. उलट पी०१२२ असेल तर ५ व्होल्टची किंवा सिग्नलची वायर तुटली आहे का, किंवा सिग्नल बॉडीला टेकलाय का, ते आधी बघायचं.

तिसरी पिन, सिग्नल. इंजिन पुन्हा बंद, चावी ऑन. दुसऱ्याला रेसचा पेडल अगदी सावकाश दाबायला सांगा, पूर्ण खालपर्यंत जायला दहा सेकंद लागतील इतकं सावकाश. आकडा एकसारखा चढला पाहिजे. मधे कुठे एकदम पडला, उडी मारली किंवा अडकला, तर त्या जागी पट्टी झिजली आहे. ही झीज बहुतेक वेळा सुरुवातीच्या भागात सापडते, कारण शहरात माणूस गाडी तेवढ्याच रेसवर चालवतो. डिजिटल मीटर हळू असतो, बारीक डाग त्याच्यातून निसटतो. मीटरला मिन-मॅक्स असेल तर ते वापरा, नाहीतर अॅपमध्ये ग्राफ लावा. ग्राफमधला खड्डा गिऱ्हाइकालाही दिसतो, आणि त्याचा फायदा पुढे आहे.

फॉल्ट कधी येतो कधी जातो असा असेल, तर ग्राफ चालू ठेवून वायरिंगची जुडी हलवा, कपलर हलवा, सेन्सरवर केस वाळवायच्या ड्रायरने थोडी गरम हवा मारा. गरम झाल्यावरच येणारा फॉल्ट असा पकडता येतो.

ओहम लावून सेन्सर तपासायची जुनी पद्धत काही जण शिकवतात. पट्टी आणि काटा असलेल्या जुन्या सेन्सरवर ती चालते. आताचे बरेच सेन्सर आतून चुंबकावर चालतात, त्यांना काटाच नाही. तिथे ओहमचा आकडा काही सांगत नाही. व्होल्ट बघायची सवय लावा, दोन्हीकडे चालते.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलवर पद्धत हीच, पण दोन सिग्नल एकत्र बघायचे, आणि त्या गाडीचा वायरिंग डायग्राम समोर ठेवायचा. सहा पिना असतात, त्यातल्या दोन मोटरच्या. अंदाजाने पिन लावू नका. आणि चावी ऑन असताना बॉडीत बोट घालून प्लेट ढकलायची नाही. मोटरने झटका दिला तर बोट सापडतं. साफ करायची असेल तर चावी बंद, मऊ कापडावर थ्रॉटल क्लीनर घेऊन हलक्या हाताने. प्लेटच्या कडेला कंपनीने लेप दिलेला असतो, तो खरवडून "चकाचक" केला तर आयडल कायमचा बिघडू शकतो. साफ केल्यावर किंवा बॉडी बदलल्यावर बऱ्याच गाड्यांत ईसीएमला नवीन जागा शिकवावी लागते. त्याची पद्धत मॉडेलप्रमाणे वेगळी असते. स्वस्तातल्या ब्लूटूथ अडॅप्टरवर हे काम सहसा होत नाही. सुरुवातीला चांगला स्कॅनर परवडत नसेल, तर ओळखीच्या स्कॅनरवाल्याशी प्रत्येक गाडीमागे ठरावीक पैसे बोलून ठेवा.

पैशाचं गणित

समजा, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल बॉडी ९,००० ला पडली आणि तुम्हाला तिच्यात ९०० सुटतात. निदान न करता लावली, फॉल्ट तसाच राहिला. इलेक्ट्रिकल पार्ट एकदा बसवला की दुकानदार परत घेत नाही. गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार नाही, आणि त्याचं बरोबर आहे. म्हणजे एका चुकीच्या गाडीने बरोबर केलेल्या दहा गाड्यांची कमाई खाल्ली.

आता उलटं बघा. वायर तुटलेली सापडली. सोल्डर, हीट श्रिंक, वर टेप, सामान पन्नास रुपयांचं. याचे पन्नास रुपये घेणार का? इथेच आपली नवीन मुलं अडखळतात. "एवढंसं तर काम, काय मागायचं?" म्हणून शंभर घेतात, आणि दीड तासाची मेहनत फुकट जाते. तुम्ही वायर जोडायचे पैसे घेत नाही आहात. शंभर वायरींतली कोणती तुटली, हे शोधायचे घेताय. समजा, तपासणीचे ५०० ठरवले आणि दिवसाला अशा दोनच गाड्या आल्या, तर २५ दिवसांचे २५,००० होतात. यात एकही पार्ट विकायचा नाही, एक रुपयाचा माल भरून ठेवायचा नाही. अनेक गावांत गाळ्याचं भाडं आणि एका पोराचा पगार यातून निघतो.

फक्त हे पैसे गाडी उघडायच्या आधी बोलायचे. नंतर बोललात तर भांडण. असं बोला : "काका, कोड टीपीएसचा दाखवतोय. पण लगेच सेन्सर घालायला सांगत नाही, कदाचित नुसती वायर असेल. तपासायला तासभर लागेल, त्याचे पाचशे होतील. काय निघालं ते तुम्हाला मीटरवर दाखवतो, मग पुढचा खर्च तुम्ही ठरवा." दहातले दोन-तीन जण निघून जातील. जाऊ द्या. "तपासणी फुकट" अशी पाटी लावणारा गॅरेजवाला ते पैसे शेवटी पार्टमध्ये वसूल करतो, आणि तसं करायला त्याला पार्ट बदलावाच लागतो.

तपासणीत खरंच सेन्सर गेलेला निघाला, तर गिऱ्हाइकाला बोलवा आणि तो ग्राफमधला खड्डा दाखवा. "इथे बघा काका, इथे आकडा पडतोय, तुम्हाला झटका बसतो तो हाच." यानंतर पार्टच्या किमतीवर फारशी घासाघीस होत नाही. पार्ट मात्र चांगल्या ठिकाणचा घ्या. पेटीवर नाव ओळखीचं आणि आत माल भलताच, असे सेन्सर बाजारात आहेत, आणि त्यांचा बंद प्लेटचा आकडाच चुकीचा असतो. केबलच्या काही गाड्यांत सेन्सरच्या स्क्रूची भोकं लांबट असतात. तिथे सेन्सर बसवताना मीटर लावून, बंद प्लेटचा आकडा मॅन्युअलप्रमाणे जुळवूनच स्क्रू आवळा.

गाडी द्यायच्या आधी कोड मिटवा, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, आणि गिऱ्हाइकाला शेजारी बसवून ट्रायल मारा, ज्या रेसला झटका बसायचा नेमक्या त्या रेसला. परत आल्यावर पुन्हा स्कॅन करा. मग जॉब कार्डवर चार आकडे लिहा : ५ व्होल्टच्या पिनला किती मिळाले, अर्थला किती, बंद प्लेटला किती, पूर्ण रेसला किती. त्याखाली मॉडेल आणि साल. एक प्रत गिऱ्हाइकाला, एक तुमच्या फाइलला. वर्षभरात तुमच्या भागात फिरणाऱ्या गाड्यांचे आकडे त्या फाइलमध्ये जमा होतील, आणि पुढची तशीच गाडी आली की कुठला आकडा खटकतोय हे तुम्हाला लगेच कळेल.